ताटलीवरचं घड्याळ

"बारा आहेत. मोजून घे."

"मोजायचा प्रश्न नाही, बाबा. कुठला स्क्रू कुठल्या भोकातला, ते कागदावर लिहा, एवढंच म्हणतेय मी."

"लिहिलंय की. हे काय, ताटलीत."

"ही ताटली आहे. कागद नव्हे."

"तुला वाचता येत नाही, त्याला मी काय करणार?"

लेकीनं हातातलं फडकं काउंटरवर टाकलं आणि आतल्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. टेबलावर गणिताच्या बाईंचा लॅपटॉप पालथा पडला होता, पाठीचं झाकण काढलेलं. त्याच्या उजव्या हाताला पांढरी, गोल, कोरी ताटली. ताटलीत कडेकडेनं बारा बारीक स्क्रू मांडलेले.

सगळा रस्ता तिच्या बाबांना घड्याळकाका म्हणतो. दुकानात दुरुस्तीला शेवटचं घड्याळ येऊन आठ वर्षं झाली, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. दोन पायऱ्या चढून गेलं की एक लांबट खोली. पुढे काउंटर, तिथे लेक. मागे खिडकीजवळ काकांचं टेबल, भिंतीपासून जरा सुटं, छातीइतकं उंच, चारही कडांना बोटभर उंचीची पट्टी ठोकलेली. घड्याळातला सुटा भाग गडगडत जमिनीवर जाऊ नये म्हणून ती पट्टी. लोकांच्या खिशात फोन आले आणि मनगटं मोकळी झाली, तेव्हा लेकीनं एक बंद पडलेला लॅपटॉप याच टेबलावर आणून ठेवला. काकांनी भिंग डोळ्याला लावलं, आत पाहिलं आणि म्हणाले, "अरे, हा तर गरीब आहे. नुसता पसारा." तेव्हापासून ते लॅपटॉप उघडतात. पण उघडतात घड्याळासारखे.

म्हणजे असे. लॅपटॉप पालथा घालायचा, बिजागरीची बाजू आपल्यापासून लांब. तिथे बारा. आपल्या पोटाकडची पुढची कड, तिथे सहा. स्क्रू निघाला की तो त्याच्या वेळेला ताटलीत ठेवायचा. तीनचा तीनला, आठचा आठला. परत लावताना डोकं चालवायचं नाही. ताटली सांगेल तसं करायचं. बाईंच्या लॅपटॉपला तर नेमके बारा स्क्रू होते. सकाळी ते मोजून काका एवढे खूश झाले होते, की जणू कारखान्यात कुणी त्यांना विचारूनच तो बनवला होता.

"यात तीन लांब आहेत," लेक म्हणाली. "ते चुकून पुढच्या काठाला गेले तर खालचा बोर्ड फुटेल."

"लांब ते बिजागरीचे. अकरा, बारा, एक. मास्तरीणबाई, अजून काही?"

"अजून हे, की परवा त्या मीटर वाचायला आलेल्या माणसाला तुम्ही दोनदा विचारलंत, काय काम काढलंत म्हणून."

"दोन्ही वेळा तो कामाचं काहीच बोलला नाही."

लेकीला हसू आलं होतं. ते तिनं गिळलं, आणि मग जे गिळायला हवं होतं ते बोलून गेली.

"मोठ्या काकांचंही असंच सुरू झालं होतं, बाबा."

काकांनी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. खिडकीबाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. 

दादा, काकांचे मोठे भाऊ, याच खोलीत शेजारच्या टेबलावर बसत. ते टेबल आता नाही. तिथे लेकीनं कपाट उभं केलंय. दादांच्या हाताखालून निघालेलं घड्याळ पाच-सात वर्षं पुन्हा कुणी उघडत नसे, एवढी त्यांची ख्याती. एके दुपारी त्यांनी चिमट्यात एक चाक धरलं. हातातल्या घड्याळात जे सतत झुलत असतं ते. उजेडाकडे करून बराच वेळ पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "हे कशाचं रे?" काकांना आधी थट्टा वाटली. मग दादांच्या चेहऱ्याकडे पाहून त्यांनी चिमट्यातलं चाक हळूच काढून घेतलं. दादा गेले, तो प्रश्न राहिला. आता रोज सकाळी शटर वर करण्याआधी काका पायरीवर क्षणभर थांबतात आणि घड्याळाचे सगळे भाग किल्लीपासून काट्यांपर्यंत क्रमानं मनात म्हणून घेतात. एकही सुटला नाही, की मगच कुलपाला हात. बघणाऱ्याला वाटतं, म्हातारा दम खातोय.

"कागद दे," काका म्हणाले.

लेकीनं घाईघाईनं कागद पुढे केला. त्यांनी तो घडी करून लॅपटॉपच्या हलणाऱ्या कोपऱ्याखाली सरकवला.

"घे. लागला उपयोगी."

भांडण तिथेच राहिलं, कारण काम थांबणारं नव्हतं. बाईंचा लॅपटॉप सुरू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की त्या म्हणायच्या, "माझ्या वर्गातली पोरं तेवढ्यात दोन गणितं सोडवून तिसरं चुकवतात." आतली जुनी हार्ड डिस्क फिरणारी होती, थकलेली. तिच्यावरचं सगळं नव्या, न फिरणाऱ्या डिस्कवर उतरवायचं आणि जुनीच्या जागी नवी बसवायची, एवढंच काम. काकांनी जुनी डिस्क बाहेर काढली. दोन्ही डिस्का केबलींनी दुकानाच्या कॉम्प्युटरला जोडल्या. कुठली भरलेली, कुठली कोरी, हे लेकीनं दोनदा वाचलं, काकांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं, आणि कॉपी सुरू झाली.

चाळीस टक्के. पन्नास. साठाला आकडा अडला.

डिस्कमधून आवाज यायला लागला. टक्. थोडं थांबून, टक्.

"बाबा."

"श्श." काका खाली वाकले. कान डिस्कपासून चार बोटांवर. घड्याळ ऐकावं तसे ते ऐकत होते, डोळे मिटून. लेक त्यांच्या मानेवरची शीर बघत होती. ती शीर डिस्कपेक्षा जोरात उडत होती.

"त्यात परीक्षेचे पेपर आहेत बाईंचे," ती पुटपुटली.

"मला ऐकू येतंय ते बिघडवू नकोस."

टक्. टक्. मग एक लांब खरखर. आकडा एकसष्टवर गेला. काका सरळ झाले आणि बनियनच्या बाहीनं कपाळ पुसलं. "दमलीये. पण पोचेल," ते म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. नव्वदपर्यंत हलले नाहीत. मग उठून मागच्या दारानं नळावर गेले. झाकण लावण्याआधी कोपरापर्यंत हात धुवायचे, हा त्यांचा जुना नेम.

ते नळावर असतानाच वकिलांचा कारकून प्रिंटर कवटाळून आत आला. "कुठं टेकवू? कागद अडकलाय, हात तुटले माझे."

लेक आत धावली. काकांच्या स्टुलाच्या बाजूनं तिनं ताटली दोन्ही हातांनी उचलली, अगदी अलगद, एकही स्क्रू न हलवता, आणि बाजूच्या फळीवर ठेवली. त्या जागी प्रिंटर बसवला. पलीकडे जाऊन त्याच्या पोटातून चुरगळलेला कागद ओढून काढला. कारकुनानं दुवा दिला आणि प्रिंटर घेऊन गेला. लेकीनं फळीवरची ताटली घेतली, वळली आणि होती तिथे परत ठेवली. जागा तीच. फक्त आता लेक काकांच्या स्टुलाच्या समोरच्या बाजूला उभी होती. ताटली अर्धी फिरली होती, आणि ते सांगायला तिच्या अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

काका हात पुसत आले. कॉपी पूर्ण झाली होती. नवी डिस्क खाचेत बसवली, झाकण ठेवलं. ताटलीतून एकेक स्क्रू उचलायला लागले. बारा, एक, दोन. ओठ किंचित हलत होते. लेक काउंटरवर फोनवर कुणाशी तरी बोलत होती. पुढच्या काठाला, पाचाच्या भोकात स्क्रू जाताना त्यांचा हात थबकला. त्यांनी ताटलीकडे पाहिलं. पुन्हा भोकाकडे. मग अर्धा आटा अजून फिरवला. अगदी बारीक, काडी मोडल्यासारखा आवाज आला. लेकीला तो ऐकूही गेला नाही.

लॅपटॉप सुलटा करून त्यांनी बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

पुन्हा दाबलं. दाबून धरलं. चार्जर लावला. दिवा नाही, पंखा नाही, काळ्या पडद्यात फक्त त्यांचाच चेहरा.

"काय झालं?" लेक आली.

 काकांनी लॅपटॉप पालथा घातला, स्क्रू काढले. या वेळी ताटलीत नाही, तळहातावर. झाकण उचललं. भिंग लावलं. बोर्डाच्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा खड्डा होता आणि त्यातून केसासारखी चीर निघाली होती.

"लांब स्क्रू," ते म्हणाले. "पाचला लांब स्क्रू घातला मी."

"डिस्क?"

"डिस्क दोन्ही शाबूत आहेत. बाईंचं काही गेलेलं नाही. बोर्ड गेला." तळहातावरचे स्क्रू त्यांनी बोटानं वेगळे केले. तीन लांब, नऊ आखूड. "हात सांगत होता, हा लांब आहे. मला कळलं होतं ते. पण ताटली म्हणत होती, पाचचाच आहे. मी म्हटलं, माझा काय भरवसा. ताटलीचं ऐक."

त्यांचा आवाज नेहमीचा होता. पण वेगळे केलेले स्क्रू त्यांनी पुन्हा एकत्र केले, आणि पुन्हा वेगळे करायला घेतले.

"म्हणजे काढतानाच मी उलटे ठेवले. अकरा, बारा, एक म्हणून तुला तोंडानं सांगत होतो, आणि हातानं उलटे ठेवले होते. तोंड एक म्हणतंय, हात दुसरं करतायत. दादाचं असंच होतं."

लेकीनं ताटलीकडे पाहिलं. मग फळीकडे. मग स्वतः उभी होती त्या जागेकडे.  गेला महिनाभर ती घरी, दुकानात, जेवताना, एकच टुमणं लावून होती की बाबांनी आता टेबलावरून उठावं. आज ते स्वतःच उठायला निघाले होते. आता तिनं नुसतं गप्प बसायचं होतं. तिला स्वतःच्या मनात हा विचार येऊन गेल्याचीच भीती वाटली.

"बाबा, ताटली मी फिरवली."

काकांनी भिंग डोळ्यावरून काढलं.

"तुम्ही नळावर होतात तेव्हा कारकून आला. प्रिंटर ठेवायला जागा नव्हती. मी इकडून उचलली आणि तिकडून ठेवली. हे बघा, अशी." तिनं ताटली उचलून, वळून, करून दाखवलं. "तुम्ही बरोबरच मांडले होते. चूक माझी आहे. तुमची नाही."

 काका हसले. 

"चष्मा," ते म्हणाले.

"काय?"

"दादाचा चष्मा. रोज हरवायचा. कुठेही ठेवायचा, पिठाच्या डब्यात, बुटात. मग घाबराघुबरा व्हायचा. मी म्हणायचो, दादा, अरे मीच उचलून ठेवला होता, चूक माझी, तुझी नाही. त्याचा चेहरा असा सैल पडायचा लगेच. आवाज हाच असायचा माझा. अगदी हाच."

"पण मी खरं सांगतेय."

"मीपण तेच म्हणायचो. खरं सांगतोय, दादा."

"त्या कारकुनाला बोलावते. त्याला विचारा."

"मी शेजारच्या शिंप्याला साक्षीला उभा करायचो. तोही बिचारा मान डोलवायचा."

"बाबा, मी कशाला खोटं बोलू? मलाच तर तुम्ही उठायला हवे आहात. महिनाभर डोकं खातेय तुमचं."

"म्हणूनच." त्यांनी स्क्रू डबीत ओतले आणि झाकण लावलं. "महिनाभर मला उठवायला बघत होतीस. आज उठतोय, तर थांबवतेस. कारण तुला दिसलं, मी किती घाबरलोय. दादा घाबरला की मीही असाच लगेच गोड व्हायचो."

 लेक जे बोलेल ते काकांनी दादांना कधीतरी म्हणून झालं होतं. तिनं त्यांचा हात धरला. 

"घड्याळाचे भाग म्हणून दाखवा मला," ती अचानक म्हणाली. "सकाळी पायरीवर म्हणता ते. ओठ हलतात तुमचे, मला माहीत आहे. आत्ता म्हणा. एकही चुकणार नाही, बघा."

काकांनी तोंड उघडलं. पहिला भाग ओठांवर आला असावा. मग त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं, आणि तोंड मिटलं.

"आठवत नाही, की म्हणायचं नाही?" लेकीनं विचारलं. "बाबा? दोन्हींतलं कुठलं, एवढंच सांगा."

त्यांनी हात सोडवून घेतला, खुंटीवरचा सदरा काढला आणि एका बाहीत हात घालत दोन पायऱ्या उतरून रस्त्याला लागले.