समासातला ‘पुरावा?’

बॅग काही केल्या तेवीस किलोत बसेना. अप्पांनी ती तिसऱ्यांदा उघडायला लावली. हुबळीहून विमान सुटायला जेमतेम चार तास होते आणि आम्ही अजून धारवाडच्या घरात, जमिनीवर पसारा मांडून बसलो होतो. अक्काने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, लोणच्याच्या बरणीला हात लावू दिला नाही. मग पुस्तकं बाहेर निघाली. “पुस्तकं सोडून लोणचं नेणारी वकिलाची पोरगी पहिल्यांदाच बघायलोय,” अप्पा म्हणाले. आमच्या घरात सगळं बोलणं मराठीत, पण निरोप मात्र कानडीत. दारात त्यांनी “होगि बा” म्हटलं, आणि ‘जाऊन ये’मधलं ‘ये’ मी रॉटरडॅमपर्यंत घट्ट धरून ठेवलं.

पुस्तकांची हुरहूर एवढी होती की पहिल्याच महिन्यात मी ई-रीडर घेतला. त्याच्या पोटात काय मावतं यापेक्षा काय पचतं, याचंच मला कुतूहल. रहस्यकथा छान पचल्या, ट्राममध्ये तीन थांब्यांत एक खून उरकायचा. शब्दकोश तर जादूच, शब्दावर बोट ठेवलं की अर्थ हजर. पाककृतींचं पुस्तक मात्र जमलं नाही. हात थालीपिठाच्या पिठात आणि नेमका तेव्हाच पडदा काळा! कवितांच्या ओळी कुठेही मोडायच्या. मी एक सिद्धांत मांडला: जे पुस्तक सरळ पुढे जातं ते यंत्रात चालतं, ज्यात सारखं मागे फिरावं लागतं त्याला कागदच हवा. कारण मला मजकूर आठवतो तो जागेसकट, डाव्या पानावर, खाली, चहाच्या डागाशेजारी.

शिवाय आमच्या पुस्तकांना समास होते. अप्पांनी जन्मभर धारवाडच्या कोर्टात वकिली केली आणि घरी आल्यावर लेखकांची उलटतपासणी घेतली. कुणी छातीठोक विधान केलं की बाजूला पेन्सिलीने लिहायचे, ‘पुरावा?’ त्याखाली आम्ही बहिणींनी उत्तर लिहायचं. उत्तर लिहिल्याशिवाय पुस्तक कपाटात परत जात नसे. यंत्रातल्या पुस्तकाला कोण असं धारेवर धरणार? मी मनात फैसला देऊन टाकला होता.

गेल्या वर्षी अक्काचा फोन आला. अप्पांच्या नजरेच्या मधोमध डाग पडत चालला होता. कडेचं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं नेमकं तेच पुसलं जायचं. डॉक्टरांनी नजर किती दिवस टिकेल ते सांगितलं नाही. अप्पांनी मागितलं एकच, आजोबांचं पुस्तक पुन्हा एकदा वाचायचं. आजोबा अळणावरला शिक्षक होते. तिथल्या रानातल्या झाडांवर त्यांनी पदरमोड करून एक पुस्तक छापलं होतं. ते कुठल्या दुकानात मिळणार? यंत्रात तर नाहीच नाही.

अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं म्हणून माझा ई-रीडर मी ओळखीच्या माणसाबरोबर धाडला. अक्काने फोनवर पानांचे फोटो काढून त्यात भरले. दोन दिवसांनी अप्पांचा फोन आला. “अक्षर मोठं केलं की पान पळायलंय गं. ओळ संपवायला बोट सरकवत अळणावरपर्यंत जायचं, आणि पुढची ओळ धरायला परत धारवाडला यायचं! साकु, पुरे झालं.” तेवढ्यावर भागलं नव्हतं. फोनने पानं ‘स्वच्छ’ करताना पेन्सिलीच्या खुणाही मळ समजून पुसून टाकल्या होत्या. मला रडूच आलं. मूळ पुस्तक शाबूत होतं, तरी आलं.

सुट्टीत घरी गेले आणि ते पुस्तक घेऊन आले. या वेळी लोणचं मागे राहिलं. आता रोज सकाळी कामावर निघण्याआधी एक पान टाइप करते आणि पाठवते. अप्पा अक्षर पेरूएवढं करतात. एका वेळी तीन-चार शब्दच मावतात, पण ओळ पळत नाही, आपणहून खाली वळते. माझा सिद्धांत असा साफ आपटला. मागे फिरायला लावणारंच पुस्तक त्या यंत्रात सगळ्यात नीट चाललं, कारण वाचणाऱ्याला दुसरा रस्ताच उरला नव्हता.

पहिलं पान पोचलं आणि त्यांनी विचारलं, “आजोबांचं आलं, माझं कुठं गेलं?” तेव्हापासून पेन्सिलीचं लिखाणही वेगळ्या ओळीत टाइप करते, आमच्या बालबोध उत्तरांसकट.

पुस्तक संपत आलं तशी मी चालढकल करू लागले. ते संपल्यावर रोज काय पाठवणार? एक पान दोन दिवसांवर नेलं. मग ते पान आलं. आजोबांनी लिहिलंय, ‘रोप दुसरीकडे लावले की वर्षभर रुसते, पण मूळची माती मुळांना धरूनच येते.’ शेजारी अप्पांची पेन्सिल, ‘पुरावा?’ आणि खाली माझं, नऊ वर्षांची असतानाचं अक्षर: ‘अप्पा, मला माहीत नाही.’ बदलावंसं वाटलं. पण जसंच्या तसं पाठवलं.

संध्याकाळी त्यांचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. आधी खाकरले. “त्या रोपाजवळचा प्रश्न मी मागं घेतो बघ.” मग, “आणि हळू कशाला करायलीस? पुस्तक थांबंल, डोळे थांबायचे नाहीत.”

घर कुठे, असं इथे कुणी विचारलं की मी धारवाड सांगते. खरं तर आता ते एका पानाच्या कडेला आहे, जिथे अप्पा विचारतात आणि मी उत्तर देते. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीची ट्राम जाऊ दिली आणि दोन पानं टाइप केली.