थुंकीची बाटली

नव्या शतकाच्या सुरुवातीची काही वर्षं मी वसमतच्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायचे आणि भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. दिवस कसाही जायचा, संध्याकाळ मात्र अंगावर यायची. शेजारी तांड्यावरून गावात राहायला आलेलं कुटुंब होतं. त्यांची धाकटी लेक रोज माझ्याकडे येई, बिस्किट खाई आणि किडके दात दाखवत हसे. तेवढ्यावर माझी संध्याकाळ निभायची.

त्याच सुमारास वाचनात आलं, की जंतूंनाही विषाणू होतात. जंतूच्या पोटात वाढलेला विषाणू बाहेर पडताना एका एन्झाइमने त्या जंतूची भिंत फोडतो. तेच एन्झाइम बाहेरून लावलं तर दात किडवणारे जंतू मरतील, अशी आशा होती. माझ्या डोक्यात हे भूत शिरलं. विषाणू शोधायचा तर थुंकी हवी, तीही वेगवेगळ्या माणसांची. मी बाटली घेऊन शेजारी गेले आणि पोरीला त्यात थुंकायला सांगा म्हणाले.

"थुकी काहून पाहिजे म्याडम?" तिच्या आईने विचारलं.

मी वर्गात शिकवावं तसं सगळं समजावलं.

"घरात इचारते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी यायची बंद झाली. आमच्या भागात नखं, केस परक्याच्या हाती लागू देत नाहीत, कुणी करणी करेल म्हणून. माझी आईही विंचरलेला गुंता कुठे पडू द्यायची नाही. तरी मला राग आला. पगारी मास्तरीण यांना चेटकीण वाटते म्हणजे कमालच झाली.

मग मी स्वतःचीच थुंकी तपासत बसले. काचेच्या बशीत जंतूंचा थर वाढवायचा आणि त्यावर गाळलेली थुंकी सोडायची. विषाणू असला तर थरात स्वच्छ ठिपका पडतो. माझ्या बशीत कधीच पडला नाही. पडणार कुठून? तोंडातले हे पाहुणे उष्ट्या घासातून, चमच्यातून एकाकडून दुसऱ्याकडे जातात. माझ्या ताटात कित्येक वर्षांत दुसऱ्या कुणाचा हात पडला नव्हता. त्या बशीपुढे बसून मी रडले. विषाणू गेला खड्ड्यात, मला ती पोरगी परत हवी होती.

पेरूच्या दिवसांत एका संध्याकाळी ती तिच्या पायरीवर मुसमुसताना दिसली. गाल सुजलेला, हातात एकच चावा घेतलेला पेरू. मी माझ्या दारातच थांबले. तीच उठून आली आणि पेरू माझ्यापुढे धरला. चाव्यावर लाळ चमकत होती. आई दारात येऊन उभी राहिली. मी तो आत नेते का, हेच ती बघत होती.

"उष्टा हाय," आई म्हणाली.

जिथे पोरीने चावा घेतला होता, तिथेच मी दात लावले.

"दाढ लई दुखून राहिली तिची," आई म्हणाली. "थांबा म्याडम, पेरूला मीठ आणते."

पोरगी माझ्या मांडीवर येऊन बसली.