सरकासाहेबांचे नाताळचे फोटो

माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा करमणुकीच्या पार्कात फोटोग्राफर. तिथले सगळे त्यांना ‘सरकासाहेब’ म्हणायचे. गळ्यात कॅमेरा, कपाळाला आठी आणि तोंडात एकच शब्द, “सरका!” फोटोत माणूस आलेला त्यांना खपायचा नाही. पार्काच्या मालकांनाही तेच हवं असायचं. नाताळची सजावट पुरी झाली, की लोकांसाठी फाटक उघडायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या पार्काचे फोटो निघायचे. आकाशपाळणा, लाकडी घोड्यांचं चक्र, मधलं उंच नाताळचं झाड, सगळं दिव्यांनी लखलखणारं आणि माणूस मात्र औषधालाही नाही. ती पोस्टकार्डं गावभर विकली जायची.

मी आधीच सांगून टाकते, भाऊजींचं आणि माझं कधी फारसं जमलं नाही. पण माणूस कामात पक्का होता, हे नाकारलं तर माझी जीभ झडेल.

आभाळात थोडा निळा उजेड असतानाच ते स्टँडवर कॅमेरा लावायचे आणि एकेका फोटोसाठी तो बराच वेळ उघडा ठेवायचे. तेवढ्यात कोणी समोरून चालत गेलं तरी ते फोटोत येत नाही. जे थांबतं तेच उमटतं. माळांचे दिवे आपसूक यायचे, पण झाडाच्या फांद्या, घोड्यांची तोंडं, कापसाचा बर्फ लावलेली तिकीटखिडकी, सगळं काळंठिक्कर पडायचं. तिथे माझी ताई लागायची. काळा कोट, डोक्याला काळा रुमाल, खांद्याला जड बॅटरी आणि काठीच्या टोकाला, कॅमेऱ्याला थेट दिसू नये म्हणून पुठ्ठ्याची टोपी घातलेला दिवा. कॅमेरा उघडा असेपर्यंत ती सगळीकडे फिरत प्रकाश टाकायची आणि भाऊजी इकडून ओरडायचे, “चालत राहा! हात वर! अगं अजून वर!”

फोटो धुऊन आला, की ताई मान वाकडी करून बघायची. “दिसतेय का मी कुठे?”

“छे!” भाऊजी म्हणायचे. त्यांच्या तोंडून निघणारी तेवढीच काय ती शाबासकी. ताई दिवसभर खुशीत.

व्हायचं काय, ताई गेली आणि घरात तिचा एकही फोटो नाही. फोटोग्राफरच्या घरात! लग्न कचेरीत सह्या करून उरकलेलं. पुढे कोणी कॅमेरा रोखला, की ही बया पदराआड, नाहीतर दाराआड. पार्काच्या ओळखपत्रावर एक चौकोनी फोटो होता, पण माणूस गेलं की ओळखपत्र परत करायचं असा नियम, आणि आमच्या नियमाच्या पुतळ्याने ते निमूट नेऊन दिलं. पोर तेव्हा पाच वर्षांची होती. त्या दिवशी मी भाऊजींना जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

ती पोर, म्हणजे माझी भाची, आता चाळिशीला टेकली. पार्क केव्हाच मोडला, तिथे गोदामं झाली. मध्यंतरी जुन्या फोटोंचं प्रदर्शन भरवणारी मंडळी आली, त्यांना पार्कातल्या नाताळचे फोटो हवे होते. भाऊजींनी माळ्यावरची खोकी उतरवून घेतली. हे कळताच भाची धावत आली आणि मलाही बोलावून घेतलं.

“मावशी, एवढ्या ढिगाऱ्यात आईचा एक तरी असेल गं. मला तिचा चेहराच आठवत नाही. माझे केस कापलेले आठवतात, कात्री आठवते, चेहरा नाही.”

ताईने तिचे केस अगदी बारीक कापले होते खरे. रोज वेण्या घालायला होत नाही म्हणाली होती. आम्हाला वाटलं, असेल कंटाळा.

जेवणाच्या टेबलावर फोटो पसरले. भाऊजींना आता धड दिसत नाही, पण नाकाशी धरून ते एकेक ओळखत होते.

“बाबा, आई आहे का यात?”

“सगळ्यांत आहे.” त्यांनी एका फोटोवर बोट टेकवलं. “हा घोडा उजळलाय ना? ती. ही खिडकी? तीच. तिच्याशिवाय यातलं काही दिसलं नसतं.”

“मला उजेड नकोय बाबा,” भाचीचा आवाज फुटला. “मला आई हवीय.”

मग हाताला चाळा म्हणून असेल, ती झाडाचे फोटो वर्षाच्या क्रमाने लावायला लागली. लावता लावता थांबली. “इकडे सबंध झाड उजळलंय. मग पुढे शेंडा काळा का पडत गेला?”

“हात वर करायची नाही,” भाऊजी पटकन म्हणाले. “शेवटी शेवटी आळस भरला होता तिला. ओरडून ओरडून माझा घसा...”

आणि त्यांनी हातातला फोटो टेबलावर ठेवून दिला.

स्नायू दुबळे होत जाण्याचा आजार होता ताईला. हात उचलेनासा कधीपासून झाला, असं डॉक्टरांनी विचारलं होतं. ‘या हिवाळ्यापासून,’ भाऊजींनी सांगितलं होतं. लवकर आणलं असतं तर काही करता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि इथे टेबलावर काळोख दर वर्षी थोडा थोडा खाली उतरत आला होता. त्यांना तो दिसलाही होता, पण फोटोतला दोष म्हणून. माझ्या तोंडाशी पुष्कळ आलं. पण ते एकेक झाड नाकाशी धरून शेंडा शोधायला लागले, तेव्हा मी ते तिथेच गिळलं.

थोड्या वेळाने ते उठले आणि कपाटातून एक पाकीट घेऊन आले.

“हा शेवटच्या वर्षीचा. खराब आलाय. ती मध्येच थांबली.”

जवळजवळ सगळा फोटो अंधारा. झाडाच्या बुंध्याशी तेवढा उजेड आणि त्या उजेडात दोन बूट. काठी खाली गेली होती आणि दिव्याने ताईचेच पाय उजळले होते. वर धुरकट काळं काहीतरी. चेहरा नाही.

“मी ओरडलो तिच्यावर,” भाऊजी म्हणाले. “चालत राहा म्हणून ओरडलो.”

भाचीने भिंग घेतलं आणि किती तरी वेळ ती मान वर करेना. मला वाटलं, रडतेय.

“मावशी, ही गाठ माझी आहे.”

“कसली गाठ?”

“बुटाच्या नाडीची. आईला वाकता यायचं नाही. पाय पुढे करून म्हणायची, बाईसाहेब, तेवढं बांधा ना. मी खाली बसायचे आणि सुटू नये म्हणून गाठीवर गाठ मारायचे. मग वर बघायचे. ती हसत असायची...” तिने माझं मनगट घट्ट धरलं. “तिचे पुढचे दात एकावर एक होते का गं?”

“होते!” मला हुंदका आवरेना. “होते गं बाई, होते. म्हणून तर मेली तोंडावर पदर घ्यायची.”

भाऊजींनी फोटो ओढून घेतला, डोळ्यांशी नेला, लांब धरला. त्यांना काहीच दिसेना.

“दिसतेय का ती कुठे?” त्यांनी लेकीला विचारलं.

तिने त्यांचं बोट धरून त्या गाठीवर ठेवलं.

“दिसतेय, बाबा.”