पौर्णिमेच्या दिवशी आठ वाजता

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. धावण्याबद्दल कुणी विचारलं की मी गुडघ्यांविषयी बोलायचो, बुटांविषयी बोलायचो, रक्तातली साखर कशी उतरली ते सांगायचो. त्या एका रविवारापाशी आलो की उठून चहा टाकायचो. आज चहा आधीच पिऊन बसलो आहे.

माझी सगळी नोकरी अलिबागच्या एका कचेरीत खुर्चीवर बसून गेली. शाळेतही मी कधी धावलो नाही. खेळाच्या तासाला मी इतरांच्या चपला राखत बसायचो. निवृत्त होऊन किहीमच्या घरी आलो तेव्हा डॉक्टरांनी चालायला सांगितलं. शेजारचे मास्तर म्हणाले, "चालताय कसले? धावा." ते माझ्याहून सहा वर्षांनी मोठे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांचे नियम तीनच. बोलता येईल इतक्याच वेगाने धावायचं. दम लागला की चालायचं. लाज वाटली की समुद्राकडे बघायचं.

पहिले काही दिवस मी समुद्राकडेच बघत होतो. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या एका होडीपासून दुसरीपर्यंत गेलो की छाती भात्यासारखी चालायची. मासळी विकणारी एक मावशी रोज टोपली घेऊन समोरून यायची. एकदा थांबलीच.

"भाऊ, कोन मागं लागलाय व्हय?"

"कुणी नाही, मावशी."

"मग दमानं घ्या की जरा."

"याहून दमानं घेतलं तर उभाच राहीन."

ती टोपली सावरत हसली. मलाही हसू आलं, आणि त्या दिवसापासून लाज कमी झाली. पावसाळ्याआधी मी न थांबता, किनाऱ्यावर समुद्राला मिळणाऱ्या ओढ्यापर्यंत जाऊ लागलो. कुत्री मला मागे टाकून जायची, पण आता ती भुंकत नव्हती.

वाळूवर धावायचं तर ओहोटी हवी. ओल्या, घट्ट वाळूत पाय रुतत नाहीत. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला आणि अमावास्येला मात्र भरती भर दुपारी बाराला, म्हणजे सकाळी सहाला पूर्ण ओहोटी. हा हिशेब मी भिंतीवरच्या कॅलेंडरवरून करायचो आणि मास्तरांना आदल्या संध्याकाळी वेळ सांगायचो. एवढ्या एकाच बाबतीत मी त्यांच्या पुढे होतो.

मास्तरांनी गावच्या मंडळाला पटवून साठीपुढच्यांसाठी धाव ठरवली. गावापासून पलीकडच्या खडकांपर्यंत जायचं आणि परत यायचं, म्हणजे ओढा दोनदा ओलांडायचा. ओहोटीला त्यात घोटाभर पाणी असतं. रविवारी पौर्णिमा होती. सहाला निघायला हवं होतं.

पण माझा मुलगा मुंबईहून पहिल्या बोटीने येणार होता. तो आठच्या आधी पोचत नव्हता. लहानपणापासून त्याने मला खुर्चीतच पाहिलेलं. मी धावतो हे त्याला फोनवर खरं वाटत नव्हतं. मला त्याला ते दाखवायचं होतं. मी मास्तरांना म्हणालो, "आठला निघू. ओहोटी उशिरा आहे."

शनिवारी मावशीच्या कानावर ते गेलं. ती म्हणाली, "मास्तर, पुनवेचं पानी हाय. आठला न्हाय जायाचं."

मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "यांनी हिशेब केलाय. चुकायचे नाहीत." मी मान डोलावली.

साडेसातला मुलाचा फोन आला. "बाबा, मुलं उठलीच नाहीत. दुपारच्या बोटीने येतो." तेव्हा सगळे रांगेत उभे होते. तेव्हाही मी तोंड उघडलं नाही.

परतताना ओढा कमरेपर्यंत भरला होता. आम्ही एकमेकांचे हात धरून उतरलो. एका निवृत्त नर्सबाईंचा पाय लाटेने उचलला, त्या हातावर पडल्या आणि मनगट मोडलं.

देवळात बैठक झाली. नर्सबाई हात गळ्यात बांधून आल्या होत्या, आणि त्या मास्तरांना खूप बोलल्या. मास्तर म्हणाले, "वेळ मी जाहीर केली. चूक माझी." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी खांबाला टेकून बसलो होतो. घरी जाताना त्यांनीच माझी समजूत काढली, "तिथी बघताना चूक होते हो माणसाची. मनाला लावून घेऊ नका."

त्यानंतर किनाऱ्यावर लोक त्यांना विचारायचे, "मास्तर, आज किती वाजता बुडवताय?" ते हसायचे. मग यायचे बंद झाले. मग मुलीकडे पुण्याला राहायला गेले.

मी एकदा तिथे गेलो, सांगायचं ठरवूनच. ते आरामखुर्चीत होते, पायांवर शाल. "धावता ना अजून?" त्यांनी विचारलं. "धावतो," मी म्हणालो. "शाबास," ते म्हणाले, आणि मी परत आलो. त्या पावसाळ्यात ते गेले.

गेल्या महिन्यात मी नर्सबाईंच्या अंगणात उभं राहून सगळं सांगितलं. त्या सुपारीच्या झाडांकडे वळल्या. म्हणाल्या, "हात केव्हाच बरा झाला. पण त्या माणसाला मी काय काय बोलले." आणि मग, "उद्या ओहोटी कधी? या वेळी खरी सांगा."

"साडेसातला," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी आम्ही ओढ्यापर्यंत गेलो, त्या चालत, मी धावत, आणि वेग जवळजवळ सारखाच. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दम लागला नाही. ओढ्यात घोटाभर पाणी होतं. त्यात उभा राहून पुण्यात जे बोलायचं राहिलं ते मी हळूच बोललो.

मास्तर, माझी तिथी चुकली नव्हती. पौर्णिमा आहे हे मला माहीत होतं. मी तुमच्याशी खोटं बोललो आणि तुम्हाला बोलणी खाऊ दिली. मला माफ करा.