मंग तू कोण?

मी अंगावर पीत होते तेव्हाच आईला क्षय झाला. तिला नागपूरच्या दवाखान्यात नेलं आणि मला गोंडपिपरीजवळच्या खेड्यात, मावशीकडे. मावशीला मूलबाळ नव्हतं. धानाच्या रोवणीला जाताना ती मला सोबत न्यायची, बांधाच्या सावलीत निजवायची. मी तिलाच माय म्हणत होते. आपली आणखी कुणी माय असेल हे मला ठाऊकच नव्हतं.

चार वर्षांची झाले असेन. एका दुपारी वडिलांसोबत बैलबंडीतून एक हाडकुळी बाई उतरली. मला पाहून तिथंच खाली बसली, हात पसरले. मी मावशीच्या मागं लपले.

"जा बेटा, हे तुई माय आहे," मावशी म्हणाली.

"मंग तू कोण?"

मावशी सूप उचलून आत गेली. आम्ही निघालो तरी बाहेर आली नाही.

चांद्याला आईवडिलांच्या घरी मी आईला 'बाई' म्हणायचे. वडिलांनी डोळे वटारले तरी तेच. ती ताट ठेवून पलीकडे गेली की मगच जेवायचे. एकदा अंगणात पडले, गुडघा फुटला. "माय वो!" म्हणून टाहो फोडला, तशी आई चुलीपासून धावत आली.

"तू नाई!" मी ओरडले.

तिचे हात तसेच थांबले. मग जरा अंतरावर ती मातीतच बसली.

"मले मालूम आहे बेटा. रडून घे. मी इथीच बसतो."

आतून भात करपल्याचा वास आला, तरी ती उठली नाही.

पुढं कधी, कसं, ते आठवत नाही, पण मी तिच्या कुशीत निजू लागले.

पोर रुळेपर्यंत येऊ नको, असं वडिलांनी मावशीला बजावलं होतं. ती आली ती पुढच्या वर्षी दिवाळीला. डोक्यावर मुरमुऱ्याच्या लाडवांचं गाठोडं, काखेत वाकळ. चार दिवस राहायचं म्हणून.

"जा ना, तुई मावशी आली," आईनं मला मांडीवरून ढकललं. मी गेले नाही.

"राहू दे. रुळली पोरगी, बरं झालं," मावशी हसून म्हणाली. वाकळ तिनं उलगडलीच नाही. घरी गाय व्याली आहे म्हणून दुपारच्याच मोटारीनं परत गेली.

आई दाराशी उभी होती. वडिलांना म्हणाली, "तिचं लेकरू हिसकून आणलं मी."

मावशी नंतर लग्नकार्यापुरतीच यायची. मी तिला शेवटपर्यंत मावशीच म्हणाले.