थोरलीची काळी माती

थोरलीचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. रोपवाटिकेत आलेलं गिऱ्हाईक आधी तिच्या तोंडाकडे बघायचं, मगच रोपाला हात लावायचं.

त्यात फाटकासमोरचा बहावा रस्त्यासाठी तोडला. लग्न होऊन आल्यापासून तिची दुपारची भाकरी त्याच्याच सावलीत झालेली. करवतवाल्यांचा तिने असा उद्धार केला की ते जेवायला लांब जाऊन बसले. तोडलेल्या फांद्यांखालून तिने शेंगा ओढून आणल्या. दुसरा बहावा तिला नको होता. हवा होता तो याच झाडाचा.

बियांची टणक साल पॉलिश पेपरवर घासून दोघी जावांनी त्या भिजत घातल्या. इथवर ठीक होतं. ट्रे भरताना पेटलं.

"काळी माती आणि शेणखत. माझ्या हातचं सगळं यातच उगवलंय," थोरली म्हणाली.

"जाऊबाई, ती पाणी धरून बसते, बी कुजेल. मी कोकोपीटमध्ये वाळू घालते."

"नारळाच्या भुशात झाडं? उद्या कापसात पोरं वाढव!"

शेवटी बियांची वाटणी झाली. जिची तिची निम्मी.

थोरली रोज आपल्या ट्रेला पोटभर पाणी घाली आणि धाकटीच्या ट्रेकडे बघून नाक मुरडी. हिरवं कुठेच दिसेना. एका सकाळी न राहवून तिने आपली माती उकरली. बिया लिबलिबीत झालेल्या, घाण वास मारत होत्या. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चूक आपलीच, हे तिला तेव्हाच कळलं, आणि म्हणूनच राग जास्त आला.

"माझ्यात नाही आलं, ते हिच्या भुशात काय येणार, डोंबल!" तिने धाकटीचा ट्रे फरशीवर उपडा केला आणि भुसा चपलेने तुडवत पांगवला.

धाकटी झारी टाकून धावली. भुशात जागोजाग पांढरी मुळं होती, तुटलेली, चिरडलेली. नुसते कोंब वर यायचे बाकी होते. तिने गुडघे टेकून सगळं चाळलं. मोड आलेल्या दोनच बिया धड निघाल्या.

"बोल की मला काहीतरी!" थोरली तिच्यावरच खेकसली.

धाकटीने एका पिशवीत ओला भुसा भरला आणि त्या दोन बियांसकट पुढे केला. "लावा तुम्हीच. या दोघींवर तरी माती घालू नका."

थोरलीने हात पुढे केला, पण रागाने आवळलेली मूठ तिला उघडेना, आणि बिया धाकटीच्याच तळहातावर राहिल्या.