वाचून ऐकला व समजला

मुरबाडच्या तहसील कचेरीसमोर मी बावीस वर्षे अर्ज लिहीत आहे. शिक्षण आठवीपर्यंत; तथापि माझ्या मसुद्यातील शब्द बदलण्याची गरज आजवर एकाही साहेबास भासलेली नाही. साक्षीदाराशिवाय कागद पुरा होत नाही, हा माझा शिरस्ता. त्यानेच माझा घात केला.

माझ्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा सरकारी दवाखान्यातील समुपदेशक बाई गोळीचे काम समजावू लागल्या. मी म्हणालो, "बाई, कचेरीच्या भाषेत सांगा."

त्या हसल्या. "बरं काका. विषाणू पांढऱ्या पेशीत शिरतो आणि तिच्या मूळ दप्तरात स्वतःची नोंद घालतो. एकदा हा फेरफार झाला, की पेशी त्याच्याच नकला काढत बसते. नोंद घालणारा जो कारकून, तो इंटिग्रेज. तुमच्या गोळीत तीन औषधं आहेत. त्यातलं एक या कारकुनाचा हात अडवून धरतं."

"आणि आधी पडलेल्या नोंदी?"

"त्या खोडता येत नाहीत. म्हणून गोळी रोज, जन्मभर. तपासणीत विषाणू सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, की पत्नीलाही संबंधातून लागण होत नाही. नुसत्या शिवण्याने तर कधीच होत नाही."

हा सर्व मजकूर मी स्वच्छ अक्षरात लिहून काढला. शेजारच्या टेबलावर मुद्रांक विकणारा माझा बालमित्र. त्याला तो वाचून दाखवला आणि खाली त्याची सही घेतली: 'वरील मजकूर वाचून ऐकला व समजला.'

"तू माजा भाऊस रे," तो म्हणाला. "ऐकला तसा मी इसरलो बग."

निरक्षर पक्षकाराचा अंगठा मी स्वतः धरून शाईच्या पॅडवर टेकवतो. दोन महिन्यांनी सिद्धगडाखालची एक म्हातारी पेन्शनच्या अर्जासाठी आली. दरसालची. मी हात पुढे केला, तिने आपला पदरात ओढला.

"तुमी लिवा, दादा. अंगठा मी तिकडं देते."

तिकडे, म्हणजे त्याच्या टेबलावर. त्याने तिचा अंगठा धरला. माझ्याकडे पाहिले नाही.

तिला कोणी सांगितले, असे संध्याकाळी टेबले आवरताना मी त्याला विचारले.

"गावभर नाय केला मी. बायकोला तेवढा बोललो."

"शिवल्याने होत नाही, हे तू ऐकलं होतंस."

"ऐकला होता. पन लोकांना भ्या वाटतो, त्याला मी काय करू? तू लिही, अंगठे मी धरतो. तुजा धंदा नाय बुडनार."

तेव्हापासून तसेच चालले आहे. अर्ज माझे, अंगठे त्याच्याकडे. म्हातारीवर माझा राग नाही. तिला तो कागद कोणी वाचून दाखवला नव्हता. तो कागद माझ्या पेटीत आहे. त्याखालची सही खरी आहे, अक्षर ओळखीचे आहे. त्याला सगळे समजले होते.